परमुलखी इलाज आणि नंतरची जबाबदारी

१७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र प्रसिद्ध झाले. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी शत्रूच्या हाती सापडला, त्याचे नाक व एक हात छाटण्यात आले, आणि वर्षाहून अधिक काळ त्या विद्रूप अवस्थेत काढल्यावर पुण्याजवळच्या वीटकरी जातीच्या एका कारागिराने कपाळावरची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले, ही हकीकत मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांच्या साक्षीने त्या पत्रात तपशीलवार दिली होती. लंडनचा शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू याने तिचा पाठपुरावा करून १८१४ साली ती क्रिया स्वहस्ते केली आणि १८१६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा आज ज्याला आपण प्लास्टिक सर्जरी म्हणतो तिच्या युरोपातील पुनरुज्जीवनाला पुण्याचा हात लागला होता हे मान्य करावे लागते. त्या काळी विद्या समुद्र ओलांडून गेली आणि रोगी आपल्या मुलखातच राहिला. कावसजीचे नाक पुढे बिघडले असते, तर ज्याने ते घडवले त्याच्या दारी तो पायी चालत जाऊ शकला असता. आज लंडनचा तरुण नाकासाठी, दातांसाठी किंवा विरळ झालेल्या केसांसाठी इस्तंबूलला विमानाने जातो, पाच-सहा दिवसांत परत येतो, आणि काही बिघडलेच तर कोणाच्या दारी जावे हे त्याला ठाऊक नसते. परदेशी उपचारांच्या सगळ्या प्रश्नाचे मर्म, माझ्या मते, या शेवटच्या गोष्टीत आहे. परंतु तिथवर येण्यापूर्वी या व्यवहाराचा पसारा पाहिला पाहिजे.

उपचारासाठी दूरदेशी जाणे हे काही नवे नाही. श्रीमंत रोगी व्हिएन्ना, लंडन, पॅरिस येथील नामांकित डॉक्टरांकडे आणि कार्ल्सबाड, बाडेन-बाडेन यांसारख्या औषधी झऱ्यांच्या गावी जात. आमचे संस्थानिकही त्याच वाटेने गेले. सामान्य जनतेच्या वाट्याला देशातल्या देशातला प्रवास येई. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरने १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले, तेव्हापासून कर्नाटकातील, कोकणातील आणि मराठवाड्यातील माणसे तिकडे वळली. वेल्लोरच्या रुग्णालयाचा लौकिक पुढे बंगालपर्यंत पोहोचला. आणि १९४१ साली परळला टाटा मेमोरियल सुरू झाल्यानंतर त्याच्या भोवतालच्या पदपथांवर पथाऱ्या टाकून राहणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांत दूर प्रांतांतली आणि शेजारी देशांतलीही माणसे दिसू लागली. या साऱ्या प्रवासाची दिशा एकच होती : जिथे विद्या कमी तिथून जिथे विद्या अधिक तिथे. गेल्या तीसेक वर्षांत तिला समांतर असा एक उलटा प्रवाह सुरू झाला. ज्या देशांत विद्या मुबलक पण महाग, किंवा स्वस्त पण दुष्प्राप्य, तिथला मध्यमवर्गीय रोगी जिथे विद्या पुरेशी आणि स्वस्त आहे तिकडे निघाला.

या प्रवाहाला वळण देणाऱ्या घटनांत बँकॉकचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९९७ साली थायलंडचे चलन कोसळले, देशी श्रीमंतांची खासगी रुग्णालयांतील गर्दी ओसरली, आणि रिकाम्या खाटांचे काय करावे या विवंचनेत बुमरुंगराडसारख्या संस्थांनी परदेशी रोग्यांकडे मोर्चा वळवला. ज्या अवमूल्यनाने थाई माणूस दरिद्री झाला त्याच अवमूल्यनाने बँकॉकची शस्त्रक्रिया परक्यांना निम्म्या भावात पडू लागली. आपल्याकडचा बहुचर्चित दाखला २००४ सालचा. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातील, विमा नसलेल्या एका सुताराच्या हृदयाची झडप निकामी झाली. गावच्या रुग्णालयाने सांगितलेला खर्च दोन लाख डॉलरांच्या घरात होता, आणि दिल्लीला येऊन, शस्त्रक्रिया करवून, परत जाईपर्यंत त्याला सुमारे दहा हजार डॉलर लागले. २००६ साली अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे या विषयावर सुनावणी झाली, तिच्यात हे उदाहरण सांगितले गेले.

एवढी तफावत पाहिली की स्वस्त म्हणजे हलके, हा मनात येणारा पहिला तर्क असतो, आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. हृदयाची झडप, दातात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, भुलीची औषधे या वस्तूंच्या किमतीत देशादेशांत फरक असला तरी तो दहा-वीस पटींचा नाही. खरा फरक परिचारिकेच्या आणि तंत्रज्ञाच्या पगारात, जागेच्या भाड्यात, डॉक्टरला भरावा लागणाऱ्या दाव्यांच्या विम्यात, आणि अमेरिकेपुरते बोलायचे तर विमा कंपन्यांशी पत्रव्यवहार करण्यासाठीच पोसलेल्या कारकुनांच्या फौजेत आहे. शिवाय जो सर्जन दिवसाला अनेक हृदये उघडतो त्याचा हात, महिन्याला मोजकी उघडणाऱ्यापेक्षा अधिक बसलेला असतो. डॉ. देवी शेट्टी यांच्या नारायणा संस्थेने हीच रीत कॅरिबियन समुद्रातील केमन बेटांवर नेली आणि २०१४ साली अमेरिकेच्या दारातच रुग्णालय थाटले. तेव्हा स्वस्ताईला वैध कारणे आहेत. अवैध कारणेही आहेत, आणि त्यांतले सर्वांत मोठे असे की शस्त्रक्रियेनंतरची काळजी किमतीतून वजा केलेली असते. ती नाहीशी होत नाही; ती रोग्याच्या गावातील डॉक्टरच्या, तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या किंवा रोग्याच्या स्वतःच्या खाती जमा होते.

दातांचा बाजार या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. अमेरिकेत वृद्धांसाठी १९६५ साली जी मेडिकेअर योजना आली, तिच्यात दातांच्या नेहमीच्या उपचारांना स्थान नव्हते आणि मूळ योजनेत आजही नाही. त्याचा परिणाम पाहायचा असेल तर ॲरिझोनातील युमा शहराजवळ, मेक्सिकोच्या हद्दीत असलेल्या लोस अल्गोदोनेस या गावी जावे. वस्ती अवघी काही हजारांची, दंतवैद्य मात्र शेकड्यांनी. ‘दाढांचे शहर’ हे त्याचे टोपणनाव. हिवाळ्यात कॅनडातून आणि अमेरिकेच्या उत्तर भागातून उबेसाठी युमाकडे उतरलेली वयस्क जोडपी सरहद्दीच्या अलीकडे, क्वेचान आदिवासींच्या मालकीच्या वाहनतळावर गाडी लावतात आणि पायी सीमा ओलांडतात. चार-पाच रस्त्यांच्या त्या गावात दवाखान्याला दवाखाना लागून आहे, मधूनमधून चष्म्यांची आणि औषधांची दुकाने, आणि पदपथावर उभे राहून गिऱ्हाईक हेरणारे, ‘दात की चष्मा?’ असे इंग्रजीत विचारणारे अडते. सायंकाळी तोंड सुजलेल्या, हातात औषधांची पिशवी धरलेल्या माणसांची लांबलचक रांग परतीच्या नाक्यावर उभी असते. हे चित्र विनोदी वाटते. परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने या गावाचा एक गुण मोलाचा आहे, तो म्हणजे ते जवळ आहे. दातावर बसवलेली टोपी सैल झाली, हिरडी चिघळली, तर रोगी पुढच्या आठवड्यात परत चालत येतो, आणि येतो हे दंतवैद्यालाही माहीत असते.

हंगेरीचा लौकिकही याच पायावर उभा आहे. १९८९ नंतर सीमा खुल्या झाल्या, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सरहद्दीलगतच्या शोप्रोन व मोशोनमाग्यारोवार या गावांत व्हिएन्नाचे लोक दातांसाठी येऊ लागले, आणि हळूहळू बुडापेस्टला लंडन-डब्लिनहून विमाने भरून येऊ लागली. तिथे जवळिकीला कायद्याची जोड मिळाली. युरोपीय संघाने २०११ साली सीमापार उपचारांविषयी जो निर्देश काढला त्यान्वये सदस्य देशांतील नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात घेतलेल्या उपचाराची, मायदेशी जेवढी मिळाली असती तेवढी भरपाई मागता येते. आणि माहितीसाठी प्रत्येक देशाला एक अधिकृत संपर्ककेंद्र चालवावे लागते. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर तिथल्या नागरिकांचा हा हक्क संपला. योगायोग असेल, पण इस्तंबूल आणि अंताल्याकडे जाणाऱ्या ब्रिटिश दंतरोग्यांचा बोभाटा त्याच सुमारास वाढला.

त्या बोभाट्यामागील शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. दाताचा दर्शनी पृष्ठभाग किंचित घासून त्यावर चिनी मातीचा पातळ पापुद्रा चिकटवणे ही एक क्रिया. सगळा दात चहूबाजूंनी तासून, त्याचा खुंट करून, त्यावर टोपी बसवणे ही सर्वस्वी दुसरी. जाहिरातीत पहिलीचे नाव आणि खुर्चीवर दुसरीचा अंमल, असे घडते तेव्हा पंचविशीतल्या माणसाचे वीस निरोगी दात एका दुपारी कायमचे तासले जातात. दाताचे कवच पुन्हा उगवत नाही. तासताना दुखावलेल्या शिरांपैकी काही पुढील महिन्यांत-वर्षांत मरतात आणि मुळांवर उपचार करावे लागतात. टोप्यांचे आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षांचे धरले, तर त्या तरुणाला सत्तरीपर्यंत त्या निदान तीन वेळा बदलाव्या लागतील. पहिल्या खेपेच्या स्वस्ताईत हा हिशेब धरलेला नसतो. आणि जो दंतवैद्य वाकड्या दातांवर दीड वर्षाची तार सुचवण्याऐवजी पाच दिवसांत हसरा चेहरा देऊ करतो, त्याला त्या दातांचे सत्तराव्या वर्षी काय होणार याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही.

कृत्रिम दाताचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, याची गोष्ट निराळी पण बोध तोच. टायटॅनियम धातूला हाड आपणहून घट्ट धरते हे स्वीडनच्या पेर-इंग्वर ब्रॉनेमार्क याला १९५२ साली सशांवर प्रयोग करताना आढळले आणि १९६५ साली त्याने पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्याची मूळ शिस्त अशी की खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने हाडाला अवधी द्यावा व मगच वर दात चढवावा. पुढे हा अवधी कमी करण्याच्या पद्धती निघाल्या, निवडक रोग्यांत ताबडतोब दातही चढवता येतात. परंतु हाडाचा स्वभाव विमानाच्या वेळापत्रकाकडे पाहून बदलत नाही, आणि ज्याला दोन खेपा परवडणार नाहीत त्याने या उपचारासाठी परदेशी जाण्याचा बेत रहित करावा हे उत्तम. दुसरी अडचण बारीक पण हमखास छळणारी आहे. स्क्रूचे शेकडो प्रकार बाजारात आहेत आणि प्रत्येकाची चावी, आटे व मापे वेगळी. कोणत्या कंपनीचा, कोणत्या व्यासाचा, कोणत्या लांबीचा स्क्रू आत आहे याची नोंद हाती नसेल तर तो सैल झाल्यावर गावच्या दंतवैद्याला तो घट्टही करता येत नाही, आणि चांगला बसलेला स्क्रू केवळ ओळख पटत नाही म्हणून उखडण्याची पाळी येते. त्या स्क्रूच्या वेष्टनावर एक चिठ्ठी असते. ती मागून घेऊन जपणे हे पासपोर्ट जपण्याइतके महत्त्वाचे आहे.

सौंदर्यशस्त्रक्रियेकडे वळले की प्रश्न पैशाचा राहत नाही, प्राणाचा होतो. डॉमिनिकन रिपब्लिक या देशात सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर २००९ ते २०२२ या काळात अमेरिकेचे ९३ नागरिक मरण पावले, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नोंदवले आहे. ज्यांच्या मृत्यूची कारणे तपासता आली त्यांच्यापैकी बहुतेकांत फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी किंवा चरबीचा अंश हे कारण आढळले. यामागची यंत्रणा अशी आहे. पोटाची चरबी काढून नितंबात भरण्याची जी क्रिया ब्राझीलच्या नावाने ओळखली जाते, तिच्यात सुई स्नायूच्या खोलीत गेली तर तिथल्या मोठ्या शिरा फाटतात आणि चरबी थेट हृदयामार्गे फुप्फुसात शिरते. २०१८ साली ब्रिटनच्या सौंदर्यशल्यविशारदांच्या संघटनेने ही क्रिया तूर्त करू नये असा सल्ला आपल्या सभासदांना दिला तो याच भयाने. त्यात भर ही की एवढ्या लांब आलोच आहोत तर पोट, स्तन आणि मांड्या एकाच भुलीत उरकून घ्याव्यात असा मोह रोग्याला होतो, आणि दलालाचे ‘पॅकेज’ त्या मोहाला खतपाणी घालते. शस्त्रक्रिया जितकी लांबते तितकी पायातील शिरांत रक्त साकळण्याची शक्यता वाढते; आणि त्याच पायांनी चार दिवसांनी विमानाच्या अरुंद आसनावर दहा तास बसायचे असते.

विमानप्रवासाविषयी ढोबळ मुदती ठरलेल्या आहेत आणि त्या पाठ असलेल्या बऱ्या. दुर्बिणीच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस, पोटाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस, छातीच्या वा पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस, असे ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाचे मार्गदर्शन आहे. चेहरा, पापण्या व नाक यांवरील क्रियेनंतर सात ते दहा दिवस थांबावे असे अमेरिकन रोगनियंत्रण केंद्र सांगते. या किमान मुदती आहेत. ज्या योजनेत यांपेक्षा आधीचे परतीचे तिकीट समाविष्ट आहे, ती योजना डॉक्टरने आखलेली नाही, प्रवासी कंपनीने आखली आहे, असे खुशाल समजावे.

जंतूंचा प्रश्न आपल्याला, म्हणजे भारतीयांना, अवघड जागी दुखतो. २००८ साली स्वीडनमधील, मूळच्या भारतीय असलेल्या एका रोग्याच्या शरीरात, त्याने आधी दिल्लीत रुग्णालयवास केल्यानंतर, बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू सापडला, आणि त्या जंतूच्या विकराला संशोधकांनी नवी दिल्लीचे नाव दिले. २०१० साली ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात त्याविषयी शोधनिबंध आला, त्यात भारत-पाकिस्तानात शस्त्रक्रिया करून परतलेल्या काही ब्रिटिश रोग्यांचाही समावेश होता, आणि दिल्लीत सरकारी निषेधाचा गदारोळ उठला. राजधानीचे नाव जंतूला देणे अनुचित होते यात वाद नाही. परंतु नावाच्या भांडणात मूळ तक्रार, म्हणजे आपल्या रुग्णालयांतून प्रतिजैविकांचा बेसुमार वापर होतो ही, बाजूला पडली. नेदरलँड्समधील रुग्णालये परदेशी रुग्णालयात राहून आलेल्या रोग्याला, तपासण्या निर्दोष ठरेपर्यंत, वेगळ्या खोलीत ठेवतात. त्यात कोणाचा अपमान नाही, नुसती खबरदारी आहे. आणि जंतूंची मक्तेदारी काही आपल्याकडे नाही. २०२३ साली टेक्साससमोरच्या मातामोरोस या मेक्सिकन शहरातील दोन दवाखान्यांत पाठीच्या कण्यात भूल घेऊन सौंदर्यशस्त्रक्रिया केलेल्या अनेक जणींच्या मेंदूच्या आवरणाला बुरशीची लागण झाली. पहिले लक्षण साधी डोकेदुखी, तीही घरी परतल्यावर, कित्येकींना काही आठवड्यांनी. आणि त्यांतल्या अनेक दगावल्या. ज्यांनी स्थानिक डॉक्टरला आपण कोठे, केव्हा व कशी भूल घेतली हे पहिल्याच भेटीत सांगितले, त्यांच्या निदानाला विलंब कमी लागणार हे उघड आहे. संकोचापोटी हे लपवणारे लोक पुष्कळ असतात.

मग निवड कशी करावी? संस्थेची सनद पाहावी, असे सर्वजण सांगतात, आणि ते खरे आहे. पण सनदेचा आवाका ओळखून. अमेरिकेतील जॉइंट कमिशनची आंतरराष्ट्रीय शाखा, जेसीआय, १९९४ साली निघाली. १९९९ साली ब्राझीलच्या साओ पावलोतील रुग्णालयाला पहिली मान्यता मिळाली, २००२ साली बुमरुंगराडला आणि २००५ साली दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलोला. आपल्याकडे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अखत्यारीतील एनएबीएच तेच काम करते. या सनदा हात धुण्याच्या शिस्तीपासून औषधांच्या साठवणीपर्यंत संस्थेची वहिवाट तपासतात. अमुक सर्जनचा हात कसा आहे याची हमी त्या देत नाहीत. सर्जनसाठी वेगळी चौकशी हवी. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पदवी नव्हे; प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा तत्सम पदवी आहे की नाही हे पाहावे, आणि वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव शोधावे. तुर्कस्तानने २०१७ पासून परदेशी रोगी घेणाऱ्या संस्थांना व मध्यस्थांना आरोग्य मंत्रालयाचे प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. ते मागायला लाजू नये. केस रोवण्याच्या धंद्यात तर शस्त्र प्रत्यक्ष कोण धरणार, डॉक्टर की दवाखान्यातील मदतनीस, हा प्रश्न आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी विचारावा, आणि उत्तरही लेखी घ्यावे.

बिघाड झाल्यावर दाद मागण्याचा मार्ग सगळ्यांत खडतर. परदेशी न्यायालयात फिर्याद, तिथल्या भाषेत, तिथल्या वकिलामार्फत, आणि पुरावे आपल्या गावी. भारतात १९९५ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली, त्यामुळे इथे निदान दरवाजा आहे. पण त्या दरवाजातून आत जायला किती काळ लागतो? अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका बंगाली दांपत्यातील पत्नीचा १९९८ साली, कोलकात्यातील सुट्टीत जडलेल्या आजारावर चुकीचा उपचार झाल्यामुळे मृत्यू झाला. तिच्या पतीला, जो स्वतः डॉक्टर होता, सर्वोच्च न्यायालयाने सहा कोटी रुपयांच्या जवळपास भरपाई दिली ती २०१३ साली. पंधरा वर्षे, आणि तीही वैद्यकशास्त्र जाणणाऱ्या जिद्दी फिर्यादीची. सामान्य रोगी पहिल्या तारखेलाच हात टेकतो. नेहमीचा प्रवासविमा ठरवून केलेल्या उपचाराची गुंतागुंत भरून देत नाही; त्यासाठी वेगळी पॉलिसी मिळते, ती शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावी लागते, आणि तिच्यातील अपवादांचे कलम आधी वाचावे लागते.

महाराष्ट्र या व्यवहारात दुहेरी भूमिकेत आहे. आखाती देशांतील अरब कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यात मुंबईत येतात आणि हवापालटाबरोबर तपासण्याही उरकतात. आता त्यांत पूर्व आफ्रिकेतील व इराक-येमेनमधील रोग्यांची भर पडली आहे, आणि मोठ्या रुग्णालयांच्या दालनांत अरबी पाट्या व दुभाषे दिसतात. गोव्यात सुट्टीसाठी उतरलेले इंग्रज दातांची कामेही करून जातात. भारतात येणाऱ्या रोग्यांत सर्वांत मोठा वाटा बांगलादेशाचा, आणि २०२४ च्या ऑगस्टनंतर तिथले व्हिसा रोडावले तेव्हा कोलकात्याच्या रुग्णालयांना तो फटका चांगलाच जाणवला. उपचाराचा परवाना दूतावासाच्या मर्जीवर अवलंबून असतो हा धडा रोग्यानेही घ्यावा, कारण अर्धवट राहिलेली केमोथेरपी राजकारणाची वाट पाहत नाही.

परंतु मराठी वाचकाच्या घरात हा विषय येतो तो डिसेंबरात. अमेरिकेतून, कॅनडातून, ऑस्ट्रेलियातून तीन आठवड्यांच्या रजेवर आलेली मुलगी-जावई लग्नकार्ये, कुलदैवताचे दर्शन आणि साडीखरेदी यांच्या जोडीने पुण्यात दातांच्या मुळांवरील उपचार, टोप्या आणि चष्मे उरकतात. परदेशस्थ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले की वैद्यकीय व्हिसाचा प्रश्नच नाही. भाषा आपली, डॉक्टर ओळखीचे, आईच्या हातची मऊ खिचडी दिमतीला. परक्या ब्रिटिशापेक्षा ही मंडळी कितीतरी सुरक्षित आहेत, आणि नेमक्या या सुरक्षिततेच्या भावनेनेच ती गाफील राहतात. पहिला आठवडा झोपेत आणि गाठीभेटींत जातो, दुसऱ्यात दाढ उघडली जाते, तिसऱ्यात सर्वांचीच गर्दी असल्यामुळे प्रयोगशाळेतून टोपी यायला उशीर होतो, आणि निघायच्या आदल्या दिवशी ‘तात्पुरती बसवून देतो, पुढल्या खेपेला पाहू’ असे डॉक्टर म्हणतात. पुढली खेप वर्षा-दोन वर्षांनी. ओळखीच्या डॉक्टरकडे पावती मागायला संकोच वाटतो, मग क्ष-किरण चित्र आणि उपचाराची टिपणी कोण मागणार? न्यू जर्सीतल्या दंतवैद्यापुढे तोंड उघडून बसल्यावर ‘आत काय भरले आहे?’ या प्रश्नाला उत्तर नसते. यावर तोड साधी आहे : दाताची तपासणी आल्या-आल्या, म्हणजे जेट लॅग उतरायच्या आधीच करावी, क्ष-किरण चित्रे महिनाभर आधी पाठवून उपचाराचा आराखडा मागवावा, आणि जे काम तीन आठवड्यांत नीट तडीस जाणार नाही ते सुरूच करू नये.

काही उपचारांसाठी मात्र परदेशी जाऊच नये. विकत घेतलेले मूत्रपिंड हा त्यांतला पहिला. आपला १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आणि २०११ ची त्याची दुरुस्ती यांनी परदेशी रोग्याला परक्या भारतीयाचा अवयव मिळण्याची वाट बंद केली आहे. २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्याद्वारे जगातील प्रत्यारोपणतज्ज्ञांनी अशा व्यापाराचा निषेध केला आहे. तरी दलाल आहेत, खोट्या नात्यांचे दस्तऐवज आहेत, आणि मुंबईतही असे प्रकार उघडकीस आले आहेत. व्यापारी सरोगसीचा बाजार भारतात परदेशीयांसाठी २०१५ साली बंद झाला आणि २०२१ च्या कायद्याने पुरता संपला. तो दुसऱ्या देशांत हलला, आणि जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व कोणते हा पेच त्याच्याबरोबर गेला. दुसऱ्या माणसाच्या शरीरावर किंवा गर्भाशयावर अवलंबून असलेला उपचार स्वस्तात शोधणे, हे मला सुरक्षिततेच्या आधी सभ्यतेच्या कक्षेतले वाटते.

उरलेल्यांसाठी माझे मत असे. मोतीबिंदू, गुडघ्याचा सांधा, हृदयाची नियोजित शस्त्रक्रिया, दातांची सावकाशीने आखलेली कामे यांसाठी, संस्था आणि सर्जन यांची वेगवेगळी चौकशी करून, सोबत एक धडधाकट माणूस घेऊन, ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक राहण्याची तजवीज ठेवून जाण्यात गैर काही नाही. मात्र तिकीट काढण्यापूर्वी गावातील एखाद्या डॉक्टरला भेटून ‘परत आल्यावर मला पाहाल का?’ असे विचारावे आणि त्याचा होकार मिळाल्यावरच पुढे जावे. अनेक डॉक्टर दुसऱ्याच्या शस्त्रक्रियेत हात घालायला कचरतात, आणि हे आधी कळलेले बरे. निघताना शस्त्रक्रियेचे टिपण, बसवलेल्या प्रत्येक कृत्रिम भागाची चिठ्ठी, भुलीचा प्रकार, रक्त दिले असल्यास त्याची नोंद, औषधांची मूळ रासायनिक नावे आणि क्ष-किरण वा स्कॅनच्या प्रती ताब्यात घ्याव्यात. जो दवाखाना हे कागद द्यायला कुरकुर करतो त्याने मागाहून फोन उचलावा अशी अपेक्षा व्यर्थ आहे.

आणि एक विनंती आपल्या दंतवैद्यांच्या व शल्यविशारदांच्या संघटनांना. परदेशस्थ रोग्याच्या हाती निघताना द्यायचा एक पानी इंग्रजी उपचारपत्राचा नमुना त्यांनी ठरवून द्यावा, त्यावर वापरलेल्या साहित्याची चिठ्ठी चिकटवायला जागा ठेवावी आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक व ईमेल छापावा. डिसेंबरची गर्दी सुरू होण्यापूर्वी हे सहज करता येईल, आणि त्याला कागदाच्या खर्चापलीकडे खर्च नाही.